सतराने भाग जातो

कोशांच्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे मागून टाचणी म्हणत. समोर नुसतंच "बाई". चूक सापडली की त्या कागदाला चिठ्ठी टाचून पाठवत आणि चूक दुरुस्त होऊन येईपर्यंत टोचत राहत. एकवीस वर्षं हेच काम. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या मंगळवारी सकाळी त्यांच्या टेबलावर संख्याकोशाचं पान दोनशे चौदा आलं. हा कोश म्हणजे सहाशे निवडक संख्यांची माहिती. संख्या सम की विषम, कशाचा वर्ग आहे का, उलट वाचली तरी तीच राहते का, अंकांची बेरीज किती, असं सगळं. कोशाचे दोन भाग होते. पहिला मूळ संख्यांचा, म्हणजे एक आणि स्वतः यांशिवाय ज्यांना कशानेही भाग जात नाही अशांचा. दुसरा संयुक्त संख्यांचा, म्हणजे ज्यांना जातो त्यांचा. लिहिणारे होते एक निवृत्त गणित शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

पान दोनशे चौदावर पहिल्या भागातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी संख्या होती. १०,००,००,००१. दहा कोटी एक. प्रस्तावनेतही तिचं कौतुक होतं, 'या विभागाचा कळस' म्हणून.

बाईंचं आणि गणिताचं फारसं सख्य नव्हतं. पण छापलेला हिशोब समोर आला की तो पेन्सिलने एकदा करून बघायचा ही त्यांची खोड होती. नोंदीत मास्तरांनी नमुन्यादाखल काही बाक्या दिल्या होत्या: तीनने भागल्यास बाकी दोन, सातने तीन, अकराने दोन, तेराने दहा, सतराने दोन. बाईंनी मुद्रिताच्या पाठीवर एकेक भागाकार मांडला. तीन बरोबर. सात बरोबर. अकरा, तेरा बरोबर. मग सतरा. शंभरात सतरा पंचे पंच्याऐंशी, उरले पंधरा. दीडशेत सतरा आठे छत्तीसासे, म्हणजे एकशे छत्तीस, उरले चौदा. एकशे चाळीसमध्ये पुन्हा आठ, उरले चार. असं करत करत शेवटी राहिले एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न.

बाकी शून्य.

त्यांनी पुन्हा केला. शून्य. कागद बदलून केला. शून्यच. कार्यालयात एक कॅल्क्युलेटर होता, तो मागून आणला. त्याच्यात आठ आकडे मावत. नववा दाबला की तो जागचा हलेना. बाईंनी शेवटचा एक चार वेळा दाबला आणि कॅल्क्युलेटर परत नेऊन दिला.

मग त्या संपादकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, पान दोनशे चौदा. ही संख्या मूळ नाहीये. हिला सतराने भाग जातो."

संपादक पत्र लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्ही काना, मात्रा, वेलांटी बघा. संख्या मास्तर बघतात."

"बघत असतील. पण जातो भाग. हे बघा ना, सात ओळींचं तर गणित आहे."

"मास्तरांनी ती संख्या मूळ ठरवायला एक हजार दोनशे एकोणतीस भागाकार केलेत. दहा हजारांच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येने. तुम्ही किती केलेत?"

"एक."

"मग?"

बाईंनी कागद पुढे सरकवला. "अहो, पण एकच पुरतो!"

"गुरुवारी दुपारी तो फर्मा मशीनवर चढतोय," संपादक म्हणाले. फर्मा म्हणजे एकदम छापायची सोळा पानं. "तेव्हा सतरा विघ्नं आणू नका."

"मी एकच आणलंय. सतराचं," बाई म्हणाल्या. पण ते ऐकायला संपादकांना वेळ नव्हता. कागदाकडे त्यांनी शेवटपर्यंत बघितलं नाही.

खाली छपाईच्या खोलीत फोरमन होता. त्याने कागद निदान हातात तरी घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. "बाई, मला सतरा कळत नाही, मला सही कळते. साहेबांची नाहीतर मास्तरांची आणा. एका टिंबासाठी मी मशीन थांबवेन. सहीशिवाय मात्र देव आला तरी नाही."

"तुम्ही स्वतः करून बघा की! शाळेत शिकलात ना भागाकार?"

"शिकलो. आणि सुटलो," फोरमन म्हणाला.

दुपारपर्यंत बाई पाच जणांकडे जाऊन आल्या. प्रत्येकाने मास्तरांचं नाव आदराने घेतलं. पेन्सिल कोणीही घेतली नाही. ज्या गोष्टीची शहानिशा चौथीतलं पोर दोन मिनिटांत करील, तिच्यासाठी आपण जिने झिजवतोय, या विचाराने त्यांचं डोकं भणाणून गेलं. डबा तसाच राहिला. शेवटी त्यांनी मास्तरांनाच फोन लावला.

फोन मास्तरांच्या बायकोने घेतला. त्या घरीच शिवणकाम करत. बाईंची त्यांच्याशी फोनवरची ओळख होती.

"काकू, मास्तर आहेत?"

"आहेत, पण त्यांची कामाची वेळ आहे. मी सुद्धा खोलीत गेलेलं चालत नाही."

"सांगा, दहा कोटी एकबद्दल आहे."

मास्तर आले. बाईंनी शक्य तितक्या नरमाईने सतराचं सांगितलं.

"बाई, दीड वर्ष मी त्या संख्येबरोबर राहिलोय. सतराचा कागद माझ्याकडे आहे. बाकी दोन. तुमचा कुठेतरी हातचा चुकला असेल."

"तीनदा केलंय, मास्तर."

"तीच चूक तीनदा करता येते," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंनी रिसीव्हरकडे असं बघितलं की जणू त्यानेच उत्तर दिलंय. मग पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा काकू.

"काकू, जवळ पेन्सिल आहे?"

"खडू आहे, कापडावर खुणा करायचा. पडदे बेततेय. का हो?"

"चालेल. कापडावरच लिहा. एक, मग सात शून्यं, मग एक."

"सात?"

"सात. लिहिलंत? आता सतराने भागा."

"अगं बाई! सतराचा पाढा? त्याच्यापायी मी शाळेत छड्या खाल्ल्यात."

"मी सांगते पाढा. तुम्ही फक्त वजाबाकी करा."

मग दोघींनी मिळून तो भागाकार केला. बाई इकडून पाढा म्हणत होत्या, तिकडून काकू काय उरलं ते सांगत होत्या. मधे एकदा काकूंनी चाळीसातून चौतीस गेले चार म्हटलं, बाई ओरडल्या, "सहा!", आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले. शेवटी काकू थांबल्या.

"बाई, काहीच उरत नाही हो."

"नाहीच उरत."

"थांबा." मग रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, आणि त्याच्या मागे, "अहो! बाहेर या आधी! काम राहू दे तुमचं!"

बाई कानाला फोन लावून बसल्या. लांबून मास्तरांचा आवाज आला, "तिला सांग, पडद्यावर केलेलं गणित मी मानत नाही."

काकू परत फोनवर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "उद्या दुपारी घरीच या तुम्ही. मला पण आता हे बघायचंच आहे."

बुधवारी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. मास्तर सरळ पाठीचे, पांढऱ्या मिशांचे, ताठ खुर्चीत बसून होते. समोर एक पुठ्ठ्याचं खोकं, आणि त्यात गठ्ठे करून ठेवलेले सुटे कागद. प्रत्येक कागदावर एक भागाकार. वर भाजक काकूंच्या गोलसर अक्षरात, खाली मास्तरांचं जाड पेनने केलेलं मोठं मोठं गणित.

"भाजक काकूंनी लिहिलेत?" बाईंनी विचारलं.

"यादीवरून उतरवून दिले. एक हजार दोनशे एकोणतीस," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, तुझं अक्षर सुबक आहे, तूच लिही. मग गठ्ठ्यातून हाताला येईल तो कागद घ्यायचे आणि सोडवायचे."

मास्तरांनी सतराचा कागद आधीच काढून ठेवला होता. काकूंकडूनच काढून घेतला असणार. त्यांनी तो बाईंपुढे सरकवला. "वाचा. बाकी किती?"

"दोन."

"झालं तर."

बाईंनी कागद जवळ घेतला. वर काकूंच्या अक्षरात १७. खाली भागाकार ९०,९०,९०९. बाकी दोन. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी खोक्यातून अकराचा कागद शोधून काढला आणि शेजारी ठेवला. वर ११. खाली ९०,९०,९०९. बाकी दोन.

"मास्तर, हे दोन्ही अकराचेच भागाकार आहेत."

"काहीतरीच."

"वर सतरा लिहिलंय आणि खाली अकराने भागलंय. नऊ अकरे नव्याण्णव, नऊ अकरे नव्याण्णव, असंच आहे सगळं. बघा ना!"

मास्तरांनी कागद घेतला. नाकाशी नेला, मग लांब धरला, मग खिडकीशी गेले. "या खोलीत उजेडच नसतो धड," ते म्हणाले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं आणि ते खिडकीतून थेट कागदावर पडलं होतं.

काकू पुढे आल्या. त्यांनी खोक्यातून आणखी एक कागद उचलला आणि नवऱ्याच्या समोर धरला. "हा कितीचा आहे, वाचा."

"आता हे काय पोरखेळ?"

"वाचा म्हणते ना."

"एकशे एक्क्याण्णव," मास्तर म्हणाले.

कागद एकशे सत्त्याण्णवचा होता.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काकू पलंगाच्या कडेला टेकल्या.

"कधीपासून?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. "दोन वर्षं झाली असतील. धुकं आल्यासारखं होतं. आधी बारीक छपाई गेली, मग…" त्यांनी हात हलवला.

"म्हणून तुम्ही जिना मोजत उतरता! अठरा, वळण, अठरा! आणि मी सगळ्यांना सांगत फिरते, गणिताचं वेड आहे म्हणून!" काकूंचा आवाज चढत गेला. "आणि अक्षर! चाळीस वर्षांत एकदा माझ्या अक्षराचं कौतुक केलंत. मला काय आनंद झाला होता, माहितीये? मैत्रिणींना सांगितलं मी! तुम्हाला ती यादीच वाचता येत नव्हती, असं सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग? डॉक्टर काय खातो का माणसाला?"

"काम बंद करायला लावलं असतं त्याने. कोश अर्धा राहिला असता."

"आणि आता पुरा झालाय का?" काकू म्हणाल्या.

बाईंना तिथून उठून जावंसं वाटलं. दोन दिवस त्या या माणसावर चडफडत होत्या, आणि आता तो राग धड टाकताही येईना, धड धरताही येईना. पण गुरुवारची दुपार काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

मास्तर खुर्चीत येऊन बसले. त्यांनी डोळे मिटले आणि तोंडी भागाकार सुरू केला. कागद नाही, पेन नाही. सतरा पंचे पंच्याऐंशी, पंधरा. सतरा आठे छत्तीसासे, चौदा. इतक्या झरझर, की बाईंना पाठोपाठ मोजणं जमेना. वर्गात त्यांनी पाढे कसे म्हणून घेतले असतील ते त्या एका मिनिटात कळलं.

"शून्य," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "बाराशे एकोणतीसपैकी एक."

"हो."

"आणि नेमका तोच."

"तोच, मास्तर."

"दुसरा कुठलाही चुकला असता तरी काही बिघडत नव्हतं."

बाईंनी पर्समधून कोरा कागद काढला. "मला लेखी द्या. ही संख्या संयुक्त आहे म्हणून. तुमच्या सहीशिवाय खाली कोणी जागचं हलणार नाही."

काकूंनी मजकूर लिहिला, मास्तरांनी सही केली. सही ओळीवरून घसरून पार कोपऱ्यात गेली, पण होती त्यांचीच.

गुरुवारी सकाळी संपादकांनी ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, बाई."

बाईंनी जीभ दाताखाली धरली. खूप काही ओठांवर आलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य सभ्य नव्हतं. "पान दोनशे चौदाचं काय करायचं?" एवढंच त्या म्हणाल्या.

फर्मा मागे ठेवला गेला. त्या दिवशी मशीनवर दुसरंच काही चढलं. कळस गेला म्हणून प्रस्तावना बदलावी लागली, दुसऱ्या भागाची पानं पुढे सरकली, अनुक्रमणिका फिरली. पान दोनशे चौदा कोरं राहू लागलं, तेव्हा फोरमन म्हणाला, कोरं पान म्हणजे लोकांना आमची चूक वाटेल. म्हणून संपादकांनी त्याच्या माथ्यावर 'टिपणांसाठी' असं छापायला सांगितलं. सहाशे संख्यांच्या कोशात मधेच एका पानावर वाचकाने कसली टिपणं काढायची, ते कोणी विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला मास्तरांचा फोन आला. आवाज वेगळाच होता, सकाळी लवकर उठून काहीतरी सापडलेल्या माणसाचा.

"बाई, लिहून घ्या. नवी नोंद. दहा कोटी एक म्हणजे दहा हजारांचा वर्ग अधिक एकाचा वर्ग. ते जुनंच. पण ती चार हजार सातशे पाचचा वर्ग अधिक आठ हजार आठशे चोवीसचा वर्ग अशीही मांडता येते. दोन निराळ्या रीतींनी! आणि जी संख्या दोन रीतींनी अशी मांडता येते, ती मूळ असूच शकत नाही. मला हे दीड वर्षापूर्वी दिसायला हवं होतं."

"मास्तर, हळू."

"आणि सतराने भागून जी येते ना, अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न, तिचे दोन तुकडे करा. पाचशे अठ्ठ्याऐंशी, आणि दोन हजार तीनशे त्रेपन्न. दोघांचे वर्ग करून मिळवा. तीच संख्या परत येते! करून बघा."

बाईंनी करून बघितलं. सगळं करून बघितलं, कारण आता त्या कोणाच्याही तोंडी शब्दावर विश्वास ठेवणार नव्हत्या. तीन कागद भरले. सगळं बरोबर होतं. शेवटची बेरीज जुळली तेव्हा त्यांना राग यायला हवा होता, पण उगाच जरा बरंच वाटलं.

"अजून एक," मास्तर म्हणाले. "बाकीचे कागद फुकट नाही गेले. सतराने भागून आलेल्या त्या संख्येला कशाने भाग जात असता, तर दहा कोटी एकलाही गेला असता. म्हणजे ती मूळ आहे. दोनच मूळ संख्यांचा गुणाकार, सतरा आणि ती. हे माझ्या कागदांनीच सिद्ध होतं."

"कागद बरोबर असतील तर," बाई म्हणाल्या.

"हो. बरोबर असतील तर. अडीच हजारांच्या आतल्या भाजकांचे बघितले की पुरे. साडेतीनशेच्या आसपास कागद आहेत."

हे संपादकांना सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "पण तपासणार कोण?" आणि उत्तर काय येतंय याची वाट न बघता बाईंकडे बघितलं. बाईंनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीनंतर बाई मास्तरांच्या घरी जाऊ लागल्या. त्या आणि काकू टेबलाच्या दोन बाजूंना बसत, आणि मास्तर मधे डोळे मिटून तोंडी उत्तरं देत. बऱ्याचदा दोघींचं होण्याआधीच. काकूंची वजाबाकी सुधारली. बाईंचा सतराचा, एकोणिसाचा, तेविसाचा पाढा पाठ झाला, ज्याचा त्यांना आयुष्यात पुढे काही उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. भाजक चुकीचा वाचलेले आणखी नऊ कागद सापडले. नऊही पुन्हा केले. एकातही भाग गेला नाही. सतराने भागून आलेली ती संख्या मूळ ठरली. मग कोशातल्या बाकीच्या संख्यांची पाळी आली. त्यांत एकवीस बाक्या चुकलेल्या निघाल्या, पण एकही संख्या इकडच्या भागातून तिकडे गेली नाही.

डॉक्टरांकडे मास्तर गेले ते काकूंनी बाईंसमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलं म्हणून. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस तुम्ही चालत कसे होता? मास्तर म्हणाले, मोजत.

कोश पाच महिने उशिरा निघाला. प्रकाशनाआधीच्या बैठकीत संपादकांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना उभं करून सांगितलं, की आपली तपासणीची पद्धतच अशी चोख आहे की एवढ्या मोठ्या संख्येतली एवढी बारीक चूकसुद्धा तिच्यातून सुटली नाही. टाळ्या झाल्या. फोरमनने मान डोलावली. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि मनात तेविसाचा पाढा म्हटला.

टेबलावर परत आल्या तर फोन वाजत होता. काकू होत्या.

"दुसऱ्या डोळ्याची पट्टी काल सुटली. सगळं स्वच्छ दिसतंय त्यांना."

"अरे वा! छानच झालं की, काकू."

"काय छान? सकाळपासून घरभर फिरतायत. वर जळमटं आहेत, कपाटामागे धूळ आहे, गादीच्या खोळीला डाग आहे. दोन वर्षं काही दिसत नव्हतं ते आज एका दिवसात दिसायला लागलंय. आता तर मला म्हणाले, तू किती म्हातारी झालीस गं!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आरशात बघा," काकू म्हणाल्या. "आता गप्प बसलेत जरा."